पाणी किती?

भूपाल मगदूम दुपारी ऑफिसात येतात
तेव्हा चपलांबरोबर हळदही आत येते.
खुर्चीच्या हातावर पिवळी बोटं टेकवून म्हणतात,
'हरिपुरात पेवं राहिली नाहीत पहिल्यासारखी,
पण गोडाऊन आहे. आणि नदी आहे तिथंच आहे.
मला फोनवर पाणी दिसलं पाहिजे.
हाललं की दिसलं पाहिजे.'

'हाललं की', एवढ्या दोन शब्दांवरून
मी आणि मुबारक शिकलगार
गणपती पेठेतल्या तापल्या पत्र्याखाली
आठ दिवस भांडतोय.

मुबारकची पहिली युक्ती सोपी:
पान दर पाच सेकंदांनी विचारणार.
पाणी किती? सदतीस फूट चार इंच.
पाणी किती? सदतीस चार.
पाणी किती?
मला पुलावरचे रावजी आंबी आठवले.
त्या वर्षी त्यांचा नंबर कुणी तरी गावभर वाटला.
रात्री अडीचला टॉर्च घेऊन खांबावरचा आकडा बघेपर्यंत
दुसरा फोन, तिसरा, भाच्याचा, भाच्याच्या साडूचा.
शेवटी त्यांनी मोबाईल पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं.
डबा पहाटेपर्यंत थरथरत होता.
आपल्या सर्व्हरचा तो डबा करायचा नाही, मी म्हणाले.

'मग विचारून थांबू या,' मुबारक म्हणाला,
'उत्तर मिळेपर्यंत प्रश्न दारातच उभा.'
तलाठ्याकडं उताऱ्याला बसल्यासारखं.
मिळाला की घ्यायचा, आणि परत रांगेत.

मग वेबसॉकेट. त्यावर त्याचा जीव.
दार कायम उघडं, बोलणं दोन्हीकडून.
मला नवीन नाही ते.
खरसुंडीच्या जत्रेत माझे वडील
टॉवेलाखाली हात घालून खिलार बैलांचे सौदे करायचे.
इकडून एक बोट दाबलं, तिकडून दोन,
तोंडानं मात्र चाऱ्याच्या गप्पा.
तिथं दोन्ही हात लागतातच.
पण कृष्णेशी कसला सौदा, मुबारक?
तिला काय आपण म्हणणार आहोत,
सहा इंच कमी करा, उद्या बघू?

तो बराच वेळ पंख्याकडं बघत बसला.

सर्व्हर सांगेल, आपण ऐकू. एवढंच ठरलं.
एकच ओळ, उताराच्या दिशेनं.
लाईट गेली, टॉवर पडला, ओळ तुटली
तर फोन स्वतःच पुन्हा जोडून घेणार
आणि सांगणार, मी इथवर ऐकलंय, पुढचं बोल.
त्या दिवशी आम्ही भडंग मागवला.

भूपालअण्णांनी चष्मा कपाळावर सारून पान बघितलं.
'पाणी थांबलंय,
की तुमचं बंद पडलंय,
हे मला कसं कळायचं?'

थांबलेला आकडा आणि मेलेला आकडा
दिसायला सख्खे भाऊ.
आठ दिवसांत आम्हाला हे सुचलं नव्हतं.
मग दर पंधरा सेकंदांनी एक रिकामी ओळ सोडली,
काही न सांगणारी, नुसती आहे म्हणणारी,
आणि ती आली की लुकलुकणारा एक पिवळा ठिपका.
ठिपका विझला तर आकड्यावर विश्वास ठेवू नका,
असं खाली लिहिलं. अण्णांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं.

शनिवारी रावजी आंबींनी पुलावरून पहिला आकडा भरला.
एकेक अंक शोधत, अंगठ्यानं.
अडतीस फूट.
आमच्या टेबलावरचे तिन्ही फोन एकदमच हलले,
मुबारकनं टाळी वाजवली,
आणि तेवढ्यात माझा नंबर वाजला.
पलीकडं वारा, ट्रकचा हॉर्न, आणि रावजी:
'दिसलं का?'
दिसलं, मी म्हणाले.
पाच मिनिटांनी परत:
'अजून दिसतंय न्हवं?'